कुरणातील शाळा

ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे त्या जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील वारली मुले शाळेत फारशी येत नसत. मुलांना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणणे सोपे होते. परंतु या दोघींनी खरे कारण शोधले. मुले दिवसभर गुरे राखीत. ती शाळेत बसली, तर गुरांमागे कोण जाणार? तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. एकीकडे गुरे चरत, दुसरीकडे मुले झाडाखाली अक्षरे गिरवीत. १९६२ साली ताराबाईंना ‘पद्मभूषण’ हा सन्मान लाभला. मूल शाळेपर्यंत पोचू शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे, हाच कुरणशाळेचा धडा होय.