कडुनिंब आणि बकाण : पानावरून ओळख

वर्षप्रतिपदेच्या आदल्या दिवशी पुष्कळ घरांतून मुलांना कडुनिंबाचा पाला आणावयास सांगितले जाते. मुले बांधावरून, ओढ्याकाठून, कधी शाळेच्या आवारातूनच डहाळ्या मोडून आणतात. जेथे दोन्ही झाडे आहेत, तेथे त्या डहाळ्यांत बकाणाची डहाळीही येऊ शकते. चव पाहून ती ओळखता येत नाही, कारण बकाणाचा पालाही कडूच असतो. कडुनिंबाचा पाठ घेताना त्याचे गुण सांगण्याआधी ही दोन झाडे वेगळी ओळखण्यास शिकविणे म्हणूनच अधिक अगत्याचे आहे.

हा घोटाळा केवळ मुलांचाच होतो असे नाही. दोन्ही वृक्ष मेलिएसी म्हणजे निंबकुलातील होत. लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली दोहोंना एकाच प्रजातीत घालून एकास ‘मेलिया अझादिराक्टा’ व दुसऱ्यास ‘मेलिया अझेडराक’ अशी जवळजवळ जुळी नावे दिली. ज्युस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३० मध्ये कडुनिंबाची प्रजाती निराळी केली. तेव्हापासून त्याचे शास्त्रीय नाव ‘अझादिराक्टा इंडिका’ असे झाले. बकाणाचे जुने नाव कायम राहिले.

पाठाची सुरुवात पानापासून करावी. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते : एक लांब मधला देठ व त्याच्या दोन्ही बाजूंस साधारणतः ९ ते १५ दले. प्रत्येक दल कोयत्यासारखे किंचित वाकडे, दातेरी कडांचे असून त्याच्या तळाच्या दोन बाजू सारख्या नसतात. बकाणाचे पान दोनदा, कधी तीनदा विभागलेले असते. मधल्या देठास बाजूचे देठ फुटतात आणि दले त्या बाजूच्या देठांवर असतात. त्याची दलेही दातेरी असल्याने केवळ दातांवर विसंबू नये.

येथे एक चूक हटकून होते. मुले बकाणाच्या पानाचा एक बाजूचा देठ तोडून आणतात व तेच संपूर्ण पान समजतात. तसा तुकडा हुबेहूब कडुनिंबाच्या पानासारखा दिसतो. पान कोठे सुरू होते हे म्हणूनच आधी दाखवावे. जेथे देठ फांदीस मिळतो, त्या बेचक्यात बारीक कळी असते. दलाच्या किंवा बाजूच्या देठाच्या बेचक्यात ती नसते. कळीपासून पुढचा सर्व भाग म्हणजे एक पान. एवढे समजले की मुले सहसा फसत नाहीत.

फुलोऱ्याच्या दिवसांत काम सोपे होते. कडुनिंबाची फुले लहान, पांढरी व मधासारख्या गोड वासाची असतात. बकाणाची फुले फिकट जांभळी असून मधली केसरनलिका गर्द जांभळी असते. दोन्हींत पुंकेसर जुळून नळी झालेली असते. निंबकुलाची ही खूण साध्या भिंगातून दाखविता येते.

खरा धोका फळाचा आहे. कडुनिंबाची निंबोळी पावसाळ्याच्या तोंडाशी पिकते. तिचा पिवळा गर गोडसर असल्याने मुले ती चोखतात. आत बहुधा एकच बी असते. बकाणाची फळेही पिवळीच, पण गोलसर. ती हिवाळ्यात पाने झडलेल्या झाडावर घोसांनी लोंबत राहतात. आतली आठळी कठीण, उभ्या कंगोऱ्यांची व अनेक कप्प्यांची असते. मधोमध भोक असल्याने तिच्या माळा करतात. या फळांत मेलियाविषे असतात. पक्षी ती खातात म्हणून माणसासही चालतील असे मुलांना वाटते. परंतु डुकरे व लहान मुले ती खाऊन दगावल्याची उदाहरणे नमूद आहेत.

कडुनिंबही सर्वथा निरुपद्रवी नव्हे. त्याच्या बियांतील अझादिराक्टिन हे द्रव्य १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. पिकांवरील किडीस ते रोखते व म्हणूनच निंबोळी अर्काची फवारणी करतात. पण तेच तेल पाजल्याने तान्ह्या बालकांस झटके व बेशुद्धी आल्याची माहिती मलेशियातून १९८१ साली प्रसिद्ध झाली. बालकांस ते औषध म्हणून पाजू नये, हे पालकसभेत सांगण्याजोगे आहे.

शाळेच्या आवारात बकाण असल्यास तो तोडलाच पाहिजे असे नाही. सावली तो चांगली देतो. खाली पडलेली फळे मात्र वेळोवेळी झाडून पुरावीत. एखाद्या मुलाने फळ खाल्ल्याचे कळल्यास वांती, जुलाब, गुंगी ही लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. मुलास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर कळवावे, आणि डॉक्टरांस दाखविण्यासाठी त्याच झाडाचे फळ व देठासह एक पूर्ण पान बरोबर घ्यावे.