खाडीची शाळा

(खाडी आपल्याला पुष्कळ देते. तिच्याकडून किती घ्यावे आणि तिला काय द्यावे, हे या पाठात सांगितले आहे.)

रत्नागिरी जिल्ह्यात लहानमोठ्या अनेक खाड्या आहेत. अशाच एका खाडीकाठी एक दिवस वर्ग भरला. तेथे फळा नव्हता, बाके नव्हती. समोर चिखल होता आणि चिखलात कांदळाची झाडे उभी होती.

सर म्हणाले, "ही झाडे खाऱ्या पाण्यात वाढतात. त्यांची मुळे चिखल धरून ठेवतात, म्हणून किनारा सहसा ढासळत नाही. मुळांच्या आडोशाला मासे, कोळंबी आणि खेकडे यांची पिल्ले वाढतात. २०२० साली महाराष्ट्र शासनाने 'पांढरी चिप्पी' या झाडाला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. आणि एक गंमत पाहा. कांदळाचे बी झाडावरच रुजते. शेंगेसारखे लांब रोप तयार झाले, की ते खाली पडते."

मुलांनी अशा शेंगा वेचल्या. पिशव्यांत खाडीचा चिखल भरला आणि टोकदार बाजू खाली करून एकेक शेंग रोवली. पाहता पाहता रोपांची बाग तयार झाली.

एवढ्यात ओहोटी लागली. गावातील एक चाची टोपली घेऊन तिसऱ्या काढायला आल्या. चिखलात हाताने चाचपून त्या शिंपले काढू लागल्या. मुलेही मदतीला धावली. एका मुलाने घाईघाईने टोपली भरली. चाचींनी त्यातल्या बोटाच्या पेराहून लहान तिसऱ्या परत चिखलात सोडल्या. टोपली अर्धी झाली.

मुलगा हिरमुसला. तो म्हणाला, "चाची, आपण सोडल्या, तर उद्या दुसरे कोणी नेतील!"

"नेतीलही, बेटा," चाची म्हणाल्या. "पण सगळ्यांनी असाच विचार केला, तर कोणालाच काही उरणार नाही. लहान तिसरी आजच उचलली, तर तिची पिल्ले कुठून येणार? या खाडीवर मी तीन मुले वाढवली. माझ्या आधीच्या बायकांनी मागे ठेवल्या, म्हणून मला मिळाल्या."

सर म्हणाले, "तिसरी पाणी गाळून त्यातले बारीक अन्न खाते. पाण्यात घाण असेल, तर तीही तिच्या पोटात जाते. म्हणून खाडी स्वच्छ हवी."

पुढच्या ओहोटीला तोच मुलगा एक काठी घेऊन आला. काठीवर त्याने पेराएवढी खूण केली होती. खुणेहून लहान तिसरी त्याने एकही उचलली नाही.

शब्दार्थ
आडोसा – आसरा; चाचपणे – हाताने शोधणे; हिरमुसणे – नाराज होणे

स्वाध्याय
१. कांदळाच्या झाडांचे दोन उपयोग लिहा.
२. चाचींनी लहान तिसऱ्या परत का सोडल्या?
३. मुलाने काठीवर खूण का केली असेल? तुमच्या शब्दांत लिहा.