दाराबाहेर कोण?

चि. सायलीस,


जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालीस, फार आनंद झाला. डी.एड.ला शिकलेल्या भारतीय आणि पाश्चात्य विचारांपैकी वर्गात कोणता धरू, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर ती विभागणी परीक्षेपुरती ठेव.

या विचारांची देवाणघेवाण जुनी आहे. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, ही आपल्या गावठी शाळांतली रीत. मद्रासला असलेल्या अँड्र्यू बेलने तिच्यावर १७९७ साली पुस्तक लिहिलं आणि ती इंग्लंडात रुजली. उलट बाजूने पाहा, डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी थेट जातिव्यवस्थेला भिडवला.

म्हणून विचार कुठला, यापेक्षा त्याने दाराबाहेर कोणाला ठेवलं, हे आधी बघ. गुरुकुलातला गुरूचा सहवास आणि शिष्यावरची वैयक्तिक नजर घेण्यासारखीच. पण शूद्रातिशूद्रांना तिथे जागा नव्हती. रूसोने १७६२ मध्ये 'एमिल'मधल्या मुलाला निसर्गात मोकळं वाढू दिलं, त्याच्या भावी बायकोचं, सोफीचं शिक्षण मात्र नवऱ्याच्या सोयीने आखलं. जोतिराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे नेमकं यावरच बोट ठेवलं: सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, शिक्षण मात्र वरच्या वर्गांचं. वयाच्या बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये पहिलं बालगृह काढलं ते रोममधल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. आज आपल्या शहरांत तेच नाव भरमसाट फी घेणाऱ्या शाळांच्या पाट्यांवर दिसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मात्र ती पद्धत बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत नेली. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे घेतले. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांच्या अंगणात शाळा भरवली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. परका विचार आपला करायचा म्हणजे काय, ते इथे शिकावं.

तुझ्या बीड जिल्ह्यात दाराबाहेर कोण, हा प्रश्न दर हिवाळ्यात उभा राहतो. आई-बाप ऊसतोडीला निघाले की मुलंही कोयत्यामागे जातात. तेव्हा आताच हजेरीपट घेऊन बस, अशा घरांची यादी कर. पालक निघण्याआधी आजी-आजोबांना भेट. मूल गावात राहू शकेल का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, ते मुख्याध्यापकांशी बोलून ठरव. जी जातीलच, त्यांना परतल्यावर नापासांच्या रांगेत बसवू नकोस. फडावर त्यांनी मोळ्या मोजल्या, वजनकाटा पाहिला, मुकादमाचा हिशेब ऐकला. गणित तिथूनच पुढे ने. गांधीजींची कामातून शिकवणारी नई तालीम आणि ड्यूईंचं कृतीतून शिक्षण, दोन्ही त्या एका तासात येतील.

प्रकृतीला जप. यादी झाली की कळव.

तुझी,
मावशी