आयटीआयचे वर्षभराचे गुण आणि दुकानापायी होणारा खाडा

आपल्या वाशीम जिल्ह्यात कापड, शिलाई, वेल्डिंग, वायरिंग, मोटार दुरुस्ती अशा धंद्यांवर पोट असलेली मुस्लिम कुटुंबे पुष्कळ आहेत. या घरांतील मुले-मुली शाळा संपल्यावर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये जातात. ही चांगली गोष्ट आहे. परंतु आयटीआयचे गुण कसे मिळतात याची माहिती पालकांना नसते. दहावीसारखी वर्षाच्या शेवटी परीक्षा होईल, तेव्हा दोन महिने जोर लावला की मुलगा पास, असे पुष्कळांना वाटते. आयटीआयमध्ये असे होत नाही. तेथे गुणांचा मोठा वाटा वर्षभर थोडा थोडा जमा होतो. जो दिवस गेला, त्या दिवसाची जमा शेवटी एकदम भरता येत नाही.

गुणांची विभागणी

आयटीआयचे शिक्षण केंद्र सरकारच्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालते. ही योजना १९५० साली सुरू झाली. अभ्यासक्रम आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा दिल्लीचे प्रशिक्षण महासंचालनालय ठरवते. २०१३ पासून काही वर्षे सेमिस्टर पद्धत होती. २०१८ पासून पुन्हा वार्षिक पद्धत आली.

निकालात मुख्य भाग असे असतात. वर्षाअखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेला २५० गुण आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाला २०० गुण. या अंतर्गत मूल्यमापनाला फॉर्मेटिव्ह असेसमेंट म्हणतात. याशिवाय व्यवसायाची लेखी बाजू आणि रोजगार कौशल्ये यांची परीक्षा संगणकावर होते.

आता महत्त्वाचा मुद्दा. लेखी विषयांत शेकडा ३३ गुणांवर पास होता येते. प्रात्यक्षिक आणि फॉर्मेटिव्ह या दोन्हींत मात्र प्रत्येकी शेकडा ६० गुण लागतात. म्हणजे २५० पैकी १५० आणि २०० पैकी १२०. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा आहे. एखाद्या मुलाने प्रात्यक्षिक परीक्षेत २५० पैकी २१० मिळवले, पण वर्षभराच्या कामाचे त्याचे गुण ११० भरले, तर प्रात्यक्षिकातले जास्तीचे गुण इकडे वळते करता येत नाहीत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दोन्ही वर्षांच्या परीक्षांना निम्मे-निम्मे वजन असते. त्यामुळे पहिले वर्ष सहज घ्यावे, असेही नाही.

हे गुण कशावर मिळतात?

शिवणकामाचा एक वर्षाचा सुइंग टेक्नॉलॉजी हा अभ्यासक्रम उदाहरणाला घेऊ. मुलीने कॉलर शिवली. निदेशक फक्त तयार कॉलर पाहून गुण देत नाहीत. काम करताना सुरक्षेची काळजी घेतली का, कामाची जागा स्वच्छ ठेवली का, वेळेवर हजर होती का, लेखी सूचना वाचून तसे काम केले का, शिकलेले ज्ञान वापरले का, मशीन आणि कात्री नीट हाताळली का, कापड वाया किती घालवले, काम किती वेळात केले, शिवण कशी उतरली आणि तोंडी प्रश्नांची उत्तरे काय दिली, हे सर्व पाहिले जाते.

वाचक बंधूंनो, आपण दुकानावर नवा कारागीर ठेवताना हेच पाहतो. शिलाई सुबक, पण तीन मीटरचे काम चार मीटरमध्ये करणारा कारागीर कोणालाही परवडत नाही. हात चांगला, पण आठ दिवसांतून दोन दिवस गायब, असा माणूस लग्नसराईत मालकाला गिऱ्हाइकासमोर खाली पाहायला लावतो. तेव्हा हे गुण म्हणजे सरकारी कागदाचा खेळ नाही. बाजार जे मोजतो तेच तेथे मोजले जाते.

दर्जाच्या तीन पायऱ्याही ठरलेल्या आहेत. अधूनमधून मदत घेऊन मान्य होण्याजोगे काम केले तर शेकडा ६० ते ७५. थोडक्या मार्गदर्शनावर बऱ्यापैकी चांगले काम केले तर ७५ च्या वर ९० पर्यंत. जवळजवळ मदतीशिवाय, उच्च दर्जाचे आणि नीटनेटके काम केले तर ९० च्या वर. मुलाला गुण कमी का मिळाले, याचे उत्तर बहुधा या पायऱ्यांत सापडते.

पुरावा लागतो

हे गुण निदेशकांच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. नियमाप्रमाणे मूल्यमापन पुराव्यावर व्हायचे असते. केलेले जॉब, दैनंदिनी, चाचणीचे पेपर, तोंडी परीक्षा, प्रगती तक्ता, हजेरी, दिलेला गृहपाठ आणि प्रकल्प हे ते पुरावे. ही कागदपत्रे पुढच्या परीक्षेपर्यंत तपासणीसाठी जपून ठेवायची असतात. वर्षाअखेरच्या प्रात्यक्षिकाला येणारे परीक्षकही गुण देण्यापूर्वी विद्यार्थ्याची ही नोंद पाहतात. म्हणजे दैनंदिनी कोरी असेल तर तोटा दोन्हीकडे होतो.

आपल्या धंद्यात रोजकीर्द रोज लिहावी लागते. वर्षाच्या शेवटी आठवून लिहिलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. मुलाच्या दैनंदिनीचेही तसेच आहे. केलेल्या कामाची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे.

खरा तोटा घरातून

परीक्षेला बसण्यासाठी शेकडा ८० हजेरी लागते. आपल्याकडे सोयाबीन बाजारात आले की खेड्यातले गिऱ्हाईक कापडाला येते. पुढे लग्नसराई असते. रमजानच्या शेवटच्या दिवसांत तर दुकानात उभे राहायला जागा नसते. अशा वेळी बाप म्हणतो, आज आयटीआयला जाऊ नको, गल्ल्यावर बस. आठवडी बाजाराच्या दिवशी तर हे ठरलेलेच.

हिशेब करून पाहा. संस्था आठवड्याला सहा दिवस चालत असेल आणि दर आठवड्याला एक दिवस मुलगा दुकानात बसला, तर शेकडा सुमारे १७ हजेरी गेली. आजारपण, ईद, घरचे लग्न यांसाठी शेकडा ३ उरली. संस्था पाच दिवस चालत असेल तर एका दिवसात शेकडा २० गेली, काहीच उरले नाही. शिवाय त्या दिवशी शिकवलेले कामही गेले. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे सुमारे १२०० तास असतात आणि त्यांपैकी ८४० तास हाताच्या कामाचे. ज्या दिवशी खिसा किंवा बाही शिकवली तो दिवस बुडाला, तर पुढचा जॉबही अडतो. बाजाराच्या दिवशी एक मजूर लावला तर काही रुपये जातात. ते वाचवण्यासाठी मुलाचे वर्ष धोक्यात घालणे हा कोणत्याही हिशेबाने घाट्याचा सौदा आहे.

मुलींच्या बाबतीत जास्त जपावे. घरात पाहुणे आले, कोणी आजारी पडले की आधी मुलीचा खाडा होतो. तिच्या हाताला आलेला हुनर उद्या अडचणीच्या वेळी घर सांभाळू शकतो, हे लक्षात ठेवावे.

पालकांनी काय करावे?

पहिले, महिन्यातून एकदा संस्थेत जाऊन निदेशकांना भेटावे. हजेरी किती, कोणते जॉब राहिले, फॉर्मेटिव्हचे गुण कसे चालले आहेत, हे विचारावे. भेट वर्षाच्या सुरुवातीपासून ठेवावी. निकाल लागल्यावर जाऊन उपयोग नाही.

दुसरे, घरी दैनंदिनी पाहावी. आपल्याला मराठी किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावी. कोरी पाने तर कोणालाही दिसतात.

तिसरे, आजारपण किंवा सणासाठी रजा लागली तर आधी अर्ज द्यावा आणि बुडालेला जॉब कधी करून घेता येईल ते निदेशकांना विचारावे. जुम्याच्या नमाजच्या वेळेबद्दलही मुलाने सुरुवातीलाच अदबीने बोलून ठेवावे. न सांगता निघून जाणे बरे नाही.

चौथे, गुण अन्यायाने कमी पडले असे वाटले तर जॉब आणि दैनंदिनी घेऊन निदेशकांशी बोलावे. समाधान झाले नाही तर गटनिदेशक, मग प्राचार्य. हातात पुरावा असला की आवाज चढवावा लागत नाही. सिफारशीने गुण वाढवून घेण्याच्या मागे मात्र लागू नये. माप-तोलात कमी-जास्त करण्याबद्दल आपल्या दीनमध्ये किती कडक ताकीद आहे हे प्रत्येक व्यापारी जाणतो. गुण हेही एक मापच आहे. न केलेल्या कामाचे गुण घेतलेला वायरमन उद्या कोणाच्या घरात चुकीची तार जोडेल, तेव्हा त्याचे प्रमाणपत्र कोणाला वाचवणार नाही.

कारागीर ठेवणाऱ्यांसाठी शेवटची एक गोष्ट. आयटीआय झालेला मुलगा कामाला आला तर त्याच्या गुणपत्रिकेत प्रात्यक्षिक आणि फॉर्मेटिव्ह हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एका दिवसाच्या परीक्षेत हात चांगला चालला की नाही हे पहिल्या आकड्यावरून कळते. वर्षभर रोज येऊन काम करण्याची सवय आहे की नाही, याचा अंदाज दुसऱ्या आकड्यावरून येतो. दुकानाला गरज बहुधा दुसऱ्याची जास्त असते.