मेकाँगच्या दोन तीरांवरचे एक कुटुंब : सीमा, इतिहास आणि प्रवासाची कागदपत्रे

इतिहासाच्या तासाला आपण नकाशावर सीमारेषा दाखवतो. परंतु त्या रेषेने कोणाचे माहेर पलीकडे गेले, कोणाचा भाऊ परदेशी ठरला, हे नकाशा सांगत नाही. थायलंड आणि लाओस या दोन बौद्धबहुल देशांमधील सीमा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. या दोन देशांमधील सीमेचा बराचसा भाग मेकाँग नदीने आखलेला आहे, आणि नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच भाषाकुळातील, एकाच सणावाराचे लोक राहतात.

हे कसे घडले? पूर्वी ही नदी सीमा नव्हती, तर दोन्ही काठांना जोडणारा जलमार्ग होती. १८२७-२८ मध्ये व्हिएन्तिएनचा राजा अनुवोंग याचा उठाव सयामने मोडून काढला, शहर उद्ध्वस्त केले आणि हजारो लाओ कुटुंबांना उजव्या तीरावर नेऊन वसवले. पुढे ३ ऑक्टोबर १८९३ च्या तहाने सयामला नदीचा डावा तीर फ्रान्सच्या स्वाधीन करावा लागला. या तहाने नदीची सरहद्द झाली. आज थायलंडच्या इसान प्रदेशात लाओ बोलणाऱ्यांची संख्या खुद्द लाओसच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. नाखोन फानोम प्रांतातील थात फानोम हा स्तूप थायलंडच्या भूमीवर उभा आहे, पण तो पलीकडच्या लाओ उपासकांनाही तितकाच वंदनीय आहे. ११ ऑगस्ट १९७५ रोजी तो कोसळला, तेव्हाचे दुःख एका तीरापुरते नव्हते. १९७९ पर्यंत तो पुन्हा उभारण्यात आला.

नदीवर आता पूल झाले. नोंग खाय ते व्हिएन्तिएन हा पहिला मैत्री पूल ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने बांधला गेला व ८ एप्रिल १९९४ रोजी खुला झाला. मुकदाहान-सावन्नाखेत (२००६), नाखोन फानोम-थाखेक (२०११) आणि चियांग खोंग-हुएसाय (२०१३) हे पूल त्यानंतरचे. तथापि पूल असणे आणि पलीकडे जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये कागद असतो.

थाई नागरिकापुढे साधारणतः दोन मार्ग असतात. पहिला मार्ग पासपोर्टचा. थाई पासपोर्टधारकास लाओसमध्ये तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. दुसरा मार्ग सीमापासाचा. हा पास राष्ट्रीय ओळखपत्र दाखवून सीमावर्ती भागातील कचेरीत मिळतो. खर्च थोडा, वेळ थोडा. परंतु त्याची मुदत सामान्यतः तीन दिवस व दोन रात्रींची असते आणि तो समोरच्या प्रांतापुरताच चालतो.

हा भेद उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, नोंग खायमधील एका स्त्रीची थोरली बहीण लुआंग प्राबांगला दिलेली आहे आणि ती आजारी असल्याचा निरोप आला. घाईने सीमापास काढून ही स्त्री शुक्रवारी पूल ओलांडते. व्हिएन्तिएनपर्यंत अडचण नाही. पण पुढे गेल्यास पासाची हद्द मोडते. प्रवेशाचा दिवस पहिला धरला जातो, म्हणजे रविवारी तिला परतलेच पाहिजे. बहिणीच्या उशाशी बसण्याची वेळ आली, तेव्हा कागद अपुरा पडला. घरात वैध पासपोर्ट तयार असता, तर तिला महिनाभर राहता आले असते.

म्हणून नियोजन निरोप येण्याआधी करावे लागते. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. मुलाचा पासपोर्ट स्वतंत्र असतो, आणि तो काढताना आईवडिलांची संमती लागते. आईवडील विभक्त असतील तर याच कामाला सर्वांत अधिक वेळ जातो. सीमेवर दोन्ही बाजूंचे शिक्के उमटले की नाहीत, हे तिथेच पाहून घ्यावे. शिक्का राहून गेल्यास परतताना अडचण होते. पूल पायी ओलांडता येत नाही, बस घ्यावी लागते. लाओसमध्ये परदेशी पाहुणा नातेवाइकाच्या घरी मुक्कामाला राहिला, तर त्याची नोंद गावच्या प्रमुखाकडे, म्हणजे ‘नाय बान’कडे, करावी लागते, रक्ताचे नाते असले तरी हा नियम सुटत नाही. एप्रिलच्या मध्यास दोन्ही देशांत नववर्षाचा सण येतो. त्या दिवसांत पुलावर मोठी गर्दी असते, म्हणून दोन दिवस आधी निघणे शहाणपणाचे. व्हिसाविना प्रवेश हा भेटीसाठी आहे, मजुरीसाठी नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नियम कायमचे नसतात. महामारीमुळे मार्च २०२० पासून लाओसने प्रवाशांसाठी बंद केलेली सीमा मे २०२२ मध्ये उघडली. त्या दोन वर्षांत नदीपलीकडचे घर डोळ्यांना दिसत असूनही तिथे जाता येत नव्हते. जून २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवरील नाकी प्रवाशांसाठी बंद झाली. म्हणून निघण्यापूर्वी ताजा नियम विचारणे हे कागदपत्रांइतकेच आवश्यक आहे.

आपल्या समाजातील अनेकजण लुंबिनीच्या यात्रेला सोनौलीची सीमा व्हिसाविना ओलांडतात. त्याच रांगेत उभ्या असलेल्या थाई यात्रेकरूस मात्र नेपाळचा व्हिसा लागतो, शिवाय भारतात परतण्यासाठी पुन्हा प्रवेश देणारा भारतीय व्हिसाही लागतो. यात्रा एक, श्रद्धा एक, पण कागद वेगळे.

सीमा आखणारे निराळे असतात आणि तिची किंमत मोजणारे निराळे, हे १८९३ च्या तहातून आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. त्यासोबत आणखी एक गोष्ट शिकवावी असे आम्हांस वाटते. हक्क कायद्यात लिहिलेला असतो, पण ऐन वेळी तो हातातल्या वैध कागदावरच उभा राहतो. आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनीही आपली कागदपत्रे गरज पडण्याआधी तपासून ठेवावीत. आजाऱ्याच्या उशाशी वेळेवर पोहोचणे हे पुष्कळदा सहा महिने आधी केलेल्या साध्या कामाचे फळ असते.