संकेतस्थळाचे दोन कारागीर

संगणकाचा विषय निघाला की कला शाखेचा विद्यार्थी बहुधा दोन पावले मागे सरकतो. 'तो आपला प्रांत नव्हे,' असे म्हणून मोकळा होतो. मीही त्यांतलाच एक. परंतु दोन वर्षांपूर्वी, प्रथम वर्षात असताना, एका लहानशा कामात माझी जी फजिती झाली तिने मला हा प्रांत हिंडून पाहायला लावले. त्या भटकंतीत जे हाती लागले ते येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

प्रसंग असा. स्नेहसंमेलनातील वक्तृत्व स्पर्धेची नावनोंदणी कागदावर न करता संकेतस्थळावर करावी असे ठरले. माझे अक्षर बरे, शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या. म्हणून पान सजवण्याचे काम माझ्याकडे आले. ते प्रत्यक्ष चालते करण्याचे काम माझ्या आत्येभावाने पत्करले. तो दुसऱ्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. मी जांभळ्या पार्श्वभूमीवर वळणदार अक्षरांत स्पर्धेचे निवेदन रेखाटले आणि त्याचे चित्र करून त्याला दिले. त्याने ते पानावर चढवले, खाली नाव भरण्याचा अर्ज जोडला. सर्वांनी वाहवा केली.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातील एक मित्र भेटला. तो दृष्टिहीन आहे. फोनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेच्या साहाय्याने तो वाचन करतो, आणि बोलतो तर असा की ऐकत राहावे. मी विचारले, "नाव दिलंस ना?" तो म्हणाला, "शेवटची तारीख कधी आहे?" मी म्हणालो, "अरे, काल संपली. पानावर लिहिली होती की!" तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या पानावर मला फक्त 'चित्र' एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, सजावट असेल."

मी आत्येभावाला फोन केला. तो म्हणाला, "मजकूर चित्रात तू घातलास." मी म्हणालो, "चित्राला पर्यायी मजकूर जोडायचा असतो हे तुला ठाऊक होतं." दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि स्पर्धा मात्र एका चांगल्या वक्त्याला मुकली होती. तेव्हापासून 'डिझायनरला काय यावे आणि डेव्हलपरला काय यावे' हा प्रश्न माझ्या लेखी केवळ नोकरीधंद्याच्या मार्गदर्शनाचा राहिलेला नाही.

(संकल्पक आणि विकसक असे मराठी प्रतिशब्द आहेत, परंतु प्रत्यक्ष व्यवहारात डिझायनर आणि डेव्हलपर हेच शब्द रूढ असल्याने येथे तेच वापरले आहेत.)

दोन व्यवसाय, तीन भाषा

जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये परस्परांशी जोडलेल्या दस्तऐवजांची एक योजना मांडली, आणि १९९१ मध्ये हे 'वर्ल्ड वाइड वेब' संस्थेबाहेरच्या लोकांनाही खुले झाले. आरंभीची पाने अगदी साधी होती: शीर्षक, परिच्छेद, दुवे. पान लिहिणारा, सजवणारा आणि चालवणारा बहुधा एकच मनुष्य असे.

पुढे व्याप वाढला. पानाची रचना सांगणारी एचटीएमएल ही भाषा होतीच. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असे ती सांगते. रंग, आकार, अंतर अशा रूपाच्या गोष्टी रचनेपासून वेगळ्या काढाव्यात म्हणून होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली. तिची पहिली अधिकृत आवृत्ती १९९६ च्या डिसेंबरात निघाली. दरम्यान १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट रचली व पानाला हालचाल आली. बटण दाबले तर काय व्हावे, अर्ज चुकला तर काय सांगावे, हे ती ठरवते. एक भाषा रचनेची, एक रूपाची, एक वर्तनाची. रूप आणि वर्तन असे वेगळे झाल्यावर माणसेही वेगळी होऊ लागली यात नवल नाही.

आपल्याकडील छपाईच्या व्यवसायातही हेच घडले होते. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेला निर्णयसागर छापखाना देवनागरी टंकांसाठी नावाजला गेला. अशा छापखान्यांत अक्षराचे वळण घडवणारा कारागीर निराळा आणि केसमधून खिळे उचलून ओळ जुळवणारा जुळारी निराळा. परंतु खिळ्याची वेलांटी नाजूक असेल तर ती छपाईत मोडते, हे पहिल्याला ठाऊक असावे लागे. आणि दोन शब्दांतील अंतर डोळ्याला खुपते, हे दुसऱ्याला कळावे लागे. वेबच्या दोन कारागिरांचे नाते असेच आहे.

डिझायनरची कौशल्ये

डिझायनर म्हणजे चित्रे काढणारा, ही समजूत मीही बाळगून होतो. वस्तुतः त्याचे पहिले काम चित्राचे नसून चौकशीचे आहे. पान कोण वाचणार, कोठे वाचणार, त्याला नेमके काय हवे आहे? नावनोंदणीच्या पानावर येणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात: विषय, तारीख आणि नाव देण्याची जागा. मी मात्र सर्वांत मोठी जागा आमच्या मंडळाच्या बोधचिन्हाला दिली होती! माणसांशी बोलणे, त्यांना पान वापरताना निमूटपणे पाहणे आणि ते कोठे अडतात याची नोंद ठेवणे हे डिझायनरचे पायाभूत कौशल्य होय.

दुसरे कौशल्य मांडणीचे. माहितीचे गट पाडणे, त्यांचा क्रम लावणे, रंग भरण्यापूर्वी नुसत्या रेघांचा कच्चा आराखडा करणे. 'फिग्मा'सारखी साधने या कामी वापरतात. पण कागद-पेन्सिलीनेही ते होते. निबंधाचे मुद्दे आधी काढणाऱ्यास ही सवय परकी वाटू नये.

तिसरे, अक्षर आणि रंग यांची जाण. इथे केवळ आवडीनिवडीवर भागत नाही. वेबच्या सुलभतेसंबंधीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत सामान्य मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत निदान ४.५ ला १ या प्रमाणात असावी असे सांगितले आहे. माझ्या जांभळ्यावरची निळसर अक्षरे या कसोटीला उतरली नसती. म्हणजे चांगली दृष्टी असणाऱ्यालाही उन्हात उभे राहून ती वाचता आली नसती.

चौथे, पडद्याच्या लहानमोठेपणाचे भान. छापील पानाचा आकार ठरलेला असतो. वेबच्या पानाचा नसतो. एकच पान फोनवर अरुंद आणि संगणकावर रुंद होते. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्यानुसार आकार घेणाऱ्या मांडणीचा पुरस्कार केला व ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. तेव्हा डिझायनरने एक सुंदर चित्र देऊन चालत नाही. जागा कमी झाली तर काय खाली सरकेल आणि काय गाळले जाईल, याचा नियम द्यावा लागतो.

डेव्हलपरची कौशल्ये

डेव्हलपरच्या कामाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पुढच्या बाजूचे काम करणारा, ज्याला फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणतात, तो वर सांगितलेल्या तीन भाषांत पान उभे करतो. मागच्या बाजूचा, म्हणजे बॅक-एंड डेव्हलपर, सर्व्हरवर चालणारा भाग लिहितो. त्यासाठी पीएचपी, पायथन, जावा यांसारखी एखादी भाषा आणि माहितीचा साठा हाताळण्यासाठी एसक्यूएल यावी लागते. आपण 'पाठवा' हे बटण दाबले की नाव कोठे जाते, कोणत्या तक्त्यात बसते, पुन्हा मागितले की कसे येते, ही सारी व्यवस्था त्याची.

भाषा पाठ करणे म्हणजे डेव्हलपर होणे नव्हे, हे मला आत्येभावाशेजारी बसून कळले. तो दिवसाचा थोडा वेळ लिहितो आणि बराच वेळ चूक शोधतो. मोठ्या प्रश्नाचे लहान तुकडे करणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, यंत्राने दिलेला चुकीचा संदेश न घाबरता शेवटपर्यंत वाचणे, ही त्याची खरी साधना. केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवण्यासाठी तो 'गिट' वापरतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या या साधनामुळे कालचा मजकूर परत मिळवता येतो आणि चौघांचे काम एकत्र जुळवता येते.

सुरक्षितता ही त्याची आणखी एक मोठी जबाबदारी. अर्जात भरून आलेल्या मजकुरावर त्याने कधीही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. नावाच्या जागी कोणी माहितीसाठ्याला उद्देशून आज्ञाच लिहिली तर सारी यादी उघडी पडू शकते किंवा पुसली जाऊ शकते. परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवायचा नसतो. पुन्हा उलगडता येणार नाही अशा रूपात तो ठेवावा लागतो. ही कामे पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून त्यांचे कौतुकही होत नाही.

सीमेवरचे प्रश्न

येथवर विभागणी सोपी वाटते. परंतु मराठीतील पान करायला घेतले की अनेक प्रश्न दोघांच्या बरोबर मध्ये येऊन पडतात. त्यांतील काही आमच्या अनुभवाचे आहेत.

एक, अक्षरांतील अंतर. रोमन लिपीत शीर्षकाची अक्षरे थोडी सुटी केली तर शोभतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते. ओळींतील अंतर कमी ठेवले तर वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो. इंग्रजी नमुना पाहून डिझायनर माप देतो, मराठी न वाचणारा डेव्हलपर ते तसेच उतरवतो, आणि पान बिघडते.

दोन, अक्षरांची मोजणी. 'क्षितिजा' या नावात आपण तीन अक्षरे मोजतो. युनिकोडमध्ये ते आठ चिन्हांचे असते, आणि यूटीएफ-८ या रूढ पद्धतीने साठवल्यास चोवीस बाइट जागा घेते. डेव्हलपरने बाइट मोजून मर्यादा घातली तर नाव अर्ध्यातच तुटते. आमच्या यादीत याहून वाईट झाले: माहितीसाठा युनिकोडसाठी योजलेलाच नव्हता. त्यामुळे मराठीत भरलेल्या सर्व नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटल्या व प्रत्येकास पुन्हा विचारत फिरावे लागले.

तीन, एकाच अक्षराची दोन लेखने. 'कुऱ्हाडे' या आडनावातील अर्धा 'र' दोन निरनिराळ्या चिन्हक्रमांनी टाइप होऊ शकतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. मग नाव यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाही. शोधापूर्वी दोन्ही रूपे एक करून घ्यावी लागतात. हे डेव्हलपरला सांगणार कोण? ज्याला मराठी लेखनाची जाण आहे तोच.

चार, भाषेची ओळख. पान मराठीत आहे हे एचटीएमएलमध्ये 'एमआर' या दोन रोमन अक्षरांनी नोंदवता येते. एवढ्याशा नोंदीने, टंकात सोय असेल तर, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे दिसतात, आणि मोठ्याने वाचणारी यंत्रणा मराठी उच्चाराकडे वळू शकते. एकच नोंद रूपासाठीही आणि कानासाठीही उपयोगी पडते. ती दोघांपैकी कोणाची, हा वाद व्यर्थ आहे.

या संदर्भात र. कृ. जोशी यांचे स्मरण होते. ते कवी आणि सुलेखनकार. मुंबईच्या आयआयटीतील डिझाइन केंद्रात अध्यापक. विंडोज प्रणालीबरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांनी घडवला. अक्षराच्या सौंदर्याची आणि संगणकाच्या नियमांची अशी दोन्ही बाजूंची समज एका कलावंताच्या ठायी एकत्र आली होती.

याचा अर्थ प्रत्येकाने दोन्ही व्यवसाय करावेत असा नाही. एका माणसाला दोन्हींत प्रावीण्य क्वचितच साधते. डिझायनरला प्रोग्राम लिहिता आला नाही तरी चालेल. परंतु आपण दिलेली गोष्ट पानावर मजकूर म्हणून जाणार की चित्र म्हणून, हे त्याने विचारले पाहिजे. डेव्हलपरला रंग जुळवता आले नाहीत तरी चालेल. परंतु हातात आलेले चित्र कोणाला वाचता येणार नाही, हे त्याने बोलून दाखवले पाहिजे. मला तर वाटते, दुसऱ्याच्या कामाविषयी योग्य प्रश्न विचारता येण्याइतके ज्ञान हेच दोघांना सारखेच लागणारे कौशल्य होय. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आराखडाही करून देतात आणि प्रोग्रामही लिहून देतात. ही कामे जितकी सोपी होत जातील, तितके हे प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे मोल वाढेल असे वाटते.

समारोप

पुढच्या वर्षी तेच काम आम्ही पुन्हा मागून घेतले. या वेळी मजकूर मजकूर म्हणूनच ठेवला, रंग तपासून घेतले, यादी युनिकोडमध्ये साठवली. पान खुले करण्याआधी त्या मित्राला दाखवायचे, नव्हे, ऐकवायचे, असेही ठरले होते. परंतु घाईत राहून गेले. त्याने स्वतःच ते उघडले, नाव भरले, आणि संध्याकाळी मला सांगितले, "पान छान वाचता आलं. फक्त शेवटी जे बटण आहे, ते नुसतं 'बटण' म्हणतं. ते पाठवायचं की पुसायचं, हे अंदाजानं दाबलं."

मी बटणावर बाणाचे चिन्ह काढले होते, शब्द नव्हता. आत्येभावाने त्याला नाव जोडले नव्हते. या वेळी आम्ही एकमेकांना दोष दिला नाही. रात्रीच 'पाठवा' असा शब्द तेथे घातला. कला शाखेत आपण माणसाचे आणि भाषेचे जे शिक्षण घेतो, त्याला या नव्या व्यवसायात जागा आहे का, असे मला कोणी विचारले तर मी त्या एका शब्दाकडे बोट दाखवीन.