शिकणाऱ्या मुलाचे समाधान कशात आहे?

आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्यास, मुंबईस, नागपुरास नाहीतर कोल्हापुरास शिकावयास गेलेली आहे. कोणी शेतावर राबतो, कोणी एस.टी.त कंडक्टर आहे, कोणी दुसऱ्याच्या दुकानात मापे भरतो. पण पोटाला चिमटा घेऊन जो तो लेकराची फी भरतो आहे. रात्री फोन लागला की आपण विचारतो, "जेवलास का? पेपर कसा गेला? किती पडतील?" तिकडून उत्तर येते, "बरं चाललंय." संपले बोलणे! परंतु हे शिकणे तुझ्या मनाला भिडते का, तुला तिथे समाधान आहे का, हे आपण कधी विचारीत नाही. हा प्रश्न महत्त्वाचा का, आणि अभ्यासकांनी त्याविषयी काय शोधून काढले आहे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा विचार रिकामपणाचा नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. अशा मृत्यूमागे एकच एक कारण नसते. आजार, कर्ज, घरची भांडणे, एकटेपण, अपमान, किती तरी धागे एकमेकांत गुंतलेले असतात. तेव्हा कोणावर ठपका ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण मार्कांपलीकडे मुलाच्या मनात काय चालले आहे, हे पाहण्याची वेळ आली आहे, एवढे त्या आकड्यावरून कळावे.

समाधान आणि अर्थ

प्रथम शब्दांची फोड करू. परीक्षेत यश मिळणे वेगळे आणि शिक्षणात समाधान लाभणे वेगळे. पहिला नंबर आलेली मुलगी आतून कोरडी असू शकते, आणि जेमतेम पास होणारा मुलगा आपल्या विषयावर जीव टाकीत असू शकतो. १९९६ साली जर्मनीतील अभ्यासकांनी विद्यार्थ्यांच्या समाधानाचे तीन भाग पाडले. पहिला, विषयात गोडी वाटते का. दुसरा, शिकण्याची सोय, म्हणजे गुरुजन, ग्रंथालय, व्यवस्था ठीक आहे का. तिसरा, अभ्यासाचा भार झेपतो का. ही विभागणी आपण लक्षात ठेवावी. "मला इथं नको वाटतं" असे पोर म्हणाले, तर या तिन्हींपैकी नेमके काय बिघडले आहे, हे तिच्यामुळे विचारता येते.

आता दुसरा शब्द, जीवनाचा अर्थ. आपण जगतो आहोत ते कशासाठी, आपले असणे कोणाच्या उपयोगी आहे का, आपल्या दिवसांना काही दिशा आहे का, ही जी आतली जाण, तिला अर्थ म्हणावे. या विषयात व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १९२८ च्या सुमारास, स्वतः वैद्यकीचे विद्यार्थी असतानाच, त्यांनी तरुणांसाठी विनामूल्य सल्लाकेंद्रे सुरू करण्यात पुढाकार घेतला. शाळांत निकाल हाती पडण्याच्या दिवसांत पोरे घाबरून भलतेसलते करीत, म्हणून त्या दिवसांत त्यांनी खास व्यवस्था ठेवली, आणि त्याचा चांगला गुण आला. पुढे नाझींच्या छळछावण्यांत त्यांनी आईवडील, भाऊ आणि पत्नी गमावली. १९४५ साली सुटका झाल्यावर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्याचा गाभा हाच की, ज्याला जगण्यासाठी काही कारण आहे तो मोठे दुःखही सोसू शकतो. परंतु सोसण्यासारखे दुःख टाळता येत असेल तर ते टाळावे, असेही ते आवर्जून सांगत. ही दुसरी बाजू विसरता कामा नये.

मोजून काय दिसले?

कोणी म्हणेल, "अहो, अर्थ ही काय तागडीत घालून मोजायची वस्तू आहे?" तशी ती नाही खरी. तरीही अभ्यासकांनी एक साधी रीत काढली आहे. काही विधाने लिहून द्यावयाची आणि ती आपल्याला कितपत लागू पडतात, ते ज्याचे त्याने सांगावयाचे. १९६४ साली अमेरिकेत अशी २० विधानांची कसोटी तयार झाली. २००६ साली मायकेल स्टेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० विधानांची कसोटी केली. तिच्यात निम्मी विधाने 'मला अर्थ सापडला आहे' या अंगाची आणि निम्मी 'मी अर्थ शोधतो आहे' या अंगाची आहेत. लाभ आणि शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची मोलाची सूचना होय.

अशा कसोट्या लावून जे पाहिले गेले, त्याचा सारांश असा. ज्यांना जीवनात अर्थ गवसल्यासारखा वाटतो, ते साधारणपणे आपल्या जीवनाविषयी आणि शिक्षणाविषयीही अधिक समाधानी आढळतात. परंतु येथे घाई करू नये. दिंडीत दोन टाळकरी एकाच पावलीवर चालतात, म्हणून एक दुसऱ्याला चालवतो असे होत नाही. दोघेही मृदंगाच्या ठेक्यावर चालत असतात. तसेच येथे आहे. अर्थ आहे म्हणून समाधान येत असेल, शिकण्यात समाधान आहे म्हणून अर्थ गवसत असेल, किंवा चांगली प्रकृती, जिव्हाळ्याचे मित्र आणि घरचा आधार या तिसऱ्याच गोष्टीमुळे दोन्ही येत असतील.

ही गाठ सोडविण्यासाठी काहींनी प्रयोग केले. २००९ साली अमेरिकेत माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. एका गटाने धड्याचा सारांश लिहावयाचा; दुसऱ्याने, या धड्याचा माझ्या आयुष्याशी काय संबंध, ते लिहावयाचे. ज्यांना 'आपल्याला हे जमणार नाही' असे वाटत होते, त्यांची गोडी आणि गुण दुसऱ्या रीतीने वाढले. जे आधीच आत्मविश्वासाने शिकत होते, त्यांच्यात तसा फरक पडला नाही. म्हणजे औषध लागू पडले ते खचलेल्यांना!

२०१४ साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना कंटाळवाणे हिशेब करावयास दिले होते, आणि वाटेल तेव्हा ते सोडून करमणुकीकडे वळण्याची मुभा होती. आपण शिकतो ते पुढे दुसऱ्यांच्या कामी पडावे म्हणूनही, असा हेतू ज्यांनी धरला होता, ते अधिक वेळ टिकून राहिले. केवळ स्वतःला मनाजोगती नोकरी मिळावी, एवढाच हेतू असलेल्यांत ही चिकाटी तशी दिसली नाही. स्वार्थ वाईट, असे यावरून ठरत नाही. पण कंटाळ्याच्या वेळी एकटा स्वार्थ पुरत नाही, हे मात्र ठरते.

तीन शंका

शंका पहिली : "मग पैशाचे काय? आम्ही कर्ज काढून शिकवतो आहोत." पैसा नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. घरावर कर्ज असताना पोराला नोकरीची चिंता वाटणे हा त्याचा चांगुलपणाच आहे. फ्रँकल यांनी आपल्या ग्रंथात अमेरिकेतील ४८ महाविद्यालयांच्या ७,९४८ विद्यार्थ्यांची एक पाहणी नमूद केली आहे. तिच्यात पुष्कळ पैसा मिळविणे शंभरांतील १६ जणांना महत्त्वाचे वाटले, आणि जीवनाला अर्थ व हेतू शोधणे ७८ जणांना. पुढे वारे पालटले. तेथेच दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांची मोठी पाहणी होत आली आहे. जीवनाचे तत्त्वज्ञान घडविणे महत्त्वाचे मानणारे १९६७ साली शंभरात ८५ च्या आसपास होते, ते २००३ पर्यंत ४० च्या आसपास आले. श्रीमंती महत्त्वाची मानणारे ७० च्या वर गेले. तेव्हा ही ओढाताण आपल्याच घरची नाही. दोन्ही हवे, पण एकामुळे दुसरे बुडू नये, एवढेच म्हणणे.

शंका दुसरी : "आमचा पोरगा सारखा म्हणतो, मला काय करायचं तेच कळत नाही. हा वाया गेला का?" नाही. तो शोधात आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकन आणि जपानी तरुणांची तुलना केली होती. अमेरिकेत जे अर्थ शोधीत होते त्यांना तो सापडलेला कमी दिसला. जपानात मात्र शोध आणि लाभ हातात हात घालून चाललेले दिसले. म्हणजे शोध हा रोग नव्हे. तो कोणत्या समाजात, कोणाच्या सोबतीने चालतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. पंढरीची वाट एकट्याने चालणे आणि दिंडीतून चालणे यांतला फरक आपल्याला का सांगावा लागेल? शोधणाऱ्या मुलाला टोमणे न मारता सोबत द्यावी.

शंका तिसरी : "अर्थ सापडला की सगळे गोड लागेल काय?" असे समजणे घातक आहे. वसतिगृहात धड पाणी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, शिकविणारे तासाला येत नाहीत, तर असमाधान योग्यच आहे. तेथे 'जीवनाचा अर्थ शोध' म्हणून मुलाला गप्प बसवू नये; तक्रार करावी, दुरुस्ती मागावी. तसेच घरच्यांच्या हट्टाने इंजिनीअरिंगला घातलेल्या मुलीचा जीव जर इतिहासात असेल, तर तिचे असमाधान हे खरे बोलणे आहे. ते ऐकावे. वाट बदलणे म्हणजे पळून जाणे नव्हे.

आपल्या घरचे उदाहरण

विद्यापीठाची विद्या आणि जीवनाचा हेतू एकत्र नांदू शकतात, याचा दाखला आपल्यातच आहे. प्राचार्य शंकर वामन ऊर्फ सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. विष्णुबुवा जोग महाराजांचे ते शिष्य. वर्गात पाश्चात्य तत्त्वज्ञान शिकविणारा हाच माणूस कीर्तनात उभा राही, आणि ज्ञानेश्वरीचे संपादनही करी. त्यांची शिकलेली विद्या आणि जगण्याची वाट एकच होती. सर्वांनी कीर्तनकार व्हावे असा याचा अर्थ नाही. हिशेबनीस, परिचारिका, कृषी पदवीधर, कोणीही आपल्या विद्येला अशी वाट देऊ शकतो.

काय करावे?

विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा वहीत चार ओळी लिहाव्यात : या आठवड्यात मी नवे काय शिकलो, आणि ते कोणाच्या उपयोगी पडेल. दुसरे, पदवीची वाट न पाहता शिकलेले थोडे आजच कोणाला तरी द्यावे. धाकट्या भावाचे गणित घ्यावे, शेजारच्या आजीचा बँकेचा कागद वाचून द्यावा. १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना याचसाठी आहे. पालखीच्या वाटेवर पत्रावळी गोळा करणारी महाविद्यालयीन पोरे आपण पाहिली असतील. पुढच्या वेळी "शाब्बास पोरांनो" म्हणून पुढे न जाता दोन मिनिटे थांबावे, आणि विचारावे, "काय शिकतोस रे बाळा? त्यात काय असतं?" आपली विद्या कोणाला तरी ऐकावीशी वाटते, हे त्याला कळू द्यावे.

आईवडिलांनी "किती पडले?" या प्रश्नाबरोबर आणखी एक विचारावा : "या महिन्यात तुला काय आवडलं? काय जड गेलं?" उत्तर येईपर्यंत थांबावे, मध्येच उपदेश करू नये. आणि मूल अगदी अबोल झाले, झोप-भूक गेली, 'मी नसलो तर बरं' असे बोलू लागले, तर तेथे ना मार्क, ना अर्थ, ना उपदेश. ताबडतोब जवळ जावे, एकटे सोडू नये, डॉक्टरांस दाखवावे. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते; तो क्रमांक घरात लिहून ठेवावा. मदत मागण्यात कमीपणा नाही.

तात्पर्य, समाधान हे निकालाच्या कागदावर छापून येत नाही. आपली विद्या कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे, आणि आपण नापास झालो तरी घरात आपली जागा तीच आहे, या दोन गोष्टी मुलाला पक्क्या ठाऊक असल्या, म्हणजे ते येण्यास वाट मोकळी होते. पहिली त्याने शोधावयाची आहे; दुसरी मात्र आपणच त्याला सांगावयाची आहे. आज रात्री फोन लागला, तर तेवढे सांगून टाकावे.